मागचा डावा दरवाजा

गाडी ताब्यात घ्यायला सगळ्यांनी शोरूमला यायची काही गरज नाही, असं थोरलीने निदान तीनदा सांगून पाहिलं होतं. तरी शनिवारी सकाळी साडेदहाला रिक्षातून आधी तिचे वडील अप्पा उतरले, मग आत्या उतरली, आणि शेवटी बगलेत फाइल धरून मास्तर, म्हणजे थोरलीचा नवरा. फाइल आणू नकोस, असंही ती त्याला म्हणाली होती.

मास्तर शाळेत गणित शिकवायचा आणि घरातला कुठलाही निर्णय तक्त्याशिवाय होऊ नये असं त्याचं मत होतं. दोन महिने त्याने पाच गाड्यांना दहापैकी गुण दिले होते. सनरूफला त्याच्या तक्त्यात नऊ गुण होते. थोरलीचं म्हणणं एवढंच होतं की ती घरोघरी जाऊन लोकांचे गुडघे, खांदे, कंबरा चालत्या करते, आणि अकरा वर्षांत तिच्या एकाही पेशंटने गाडीतून आकाश बघायचं आहे अशी इच्छा बोलून दाखवलेली नव्हती. तिला डिकीचा काठ खाली हवा होता, कारण घडीचा पलंग तिलाच उचलून आत टाकायचा होता. मागचं दार जवळजवळ काटकोनात उघडणारं हवं होतं, कारण खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस आधी बसतो आणि मग पाय आत घेतो. आणि एसी चालू करायला फिरवायचं बटण हवं होतं. दिवसभर तेल लागलेल्या बोटांनी काचेचा पडदा चोळत बसायची तिची तयारी नव्हती.

या वादात अप्पांनी तेव्हा तिचीच बाजू घेतली होती. अडतीस वर्षं त्यांनी गाड्यांना रंग मारला होता. ते म्हणाले होते, जिथे रोज हात लागतो तिथे गाडी चांगली पाहिजे. दाराची मूठ, पट्ट्याचं बक्कल, गिअरचा दांडा. बाकीचं पहिल्या महिन्यात पाहुण्यांना दाखवण्यापुरतं असतं. आत्यानेही मान डोलावली होती. अप्पांच्या गॅरेजला लागून तिचं सीट कव्हरचं दुकान होतं, आणि शोरूममधल्या पाचही गाड्यांच्या सीटवर बोट फिरवून तिने टाके मोजले होते. थोरलीने निवडलेल्या गाडीच्या सीटची कोपऱ्यावरची शिवण दुहेरी होती. तक्त्यात या गाडीचा नंबर चौथा होता. मास्तर तेव्हापासून थोडा फुगलेलाच होता.

आणि हे सगळं ज्याच्याकडून विकत घ्यायचं होतं, तो थोरलीचा भाऊ शोरूमच्या दारात उभा होता. त्याला घरात सगळे रेडिओ म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की मध्ये कोणाला बोलता येत नसे.

रेडिओ आणि अप्पा एकमेकांशी थेट बोलत नव्हते, याला तीन वर्षं होत आली होती. गॅरेज बंद करायचं ठरलं त्या आठवड्यात अप्पांनी त्याला शेवटचं विचारलं होतं, रंगाची गन हातात घेतोस का. आणि रेडिओ फटकन बोलून गेला होता की तुम्ही जन्मभर लोकांचे पोचे झाकत बसलात, मी निदान नवी वस्तू विकतो. तेव्हापासून एका खोलीत बसूनही त्यांचं बोलणं तिसऱ्याच्या मार्फत चालायचं. ‘त्याला विचार, जेवणार आहे का.’ ‘त्यांना सांग, औषध आणलंय.’ हे तिसरं माणूस बहुतेक वेळा थोरली असायची.

आत गाडीवर लाल चकचकीत कापड टाकलं होतं. मॅनेजर कोट घालून हजर होता, फोटोवाला तयार होता. रेडिओने ओळख करून देताना अप्पांबद्दल सांगितलं की हे आमचे वडील, ऑटोमोबाइल क्षेत्रातच होते. अप्पांनी क्षेत्राकडे दुर्लक्ष केलं आणि थोरलीला म्हणाले, ‘त्याला सांग, गाडी बाहेर उन्हात काढा. दिव्याखाली सगळंच छान दिसतं.’

रेडिओने थोरलीला सांगितलं की आतले दिवे खास गाडी बघण्यासाठीच बसवलेत, त्यांना सांग. थोरलीने दोघांनाही काही सांगितलं नाही. तिने मॅनेजरला सांगितलं. कापड निघालं, गाडी मागच्या अंगणात आली, जिथे गाड्या धुतात तिथे.

मग अप्पांनी चष्मा पुसला आणि गाडीभोवती फिरायला सुरुवात केली. आधी लांबून, नुसतंच बघत. बॉनेट आणि दिव्यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का. दारं उघडून हळू सोडली तर कशी बंद होतात. दाराचं रबर कुठे वळलेलं, दुमडलेलं तर नाही. मग त्यांनी तळहात पालथा केला आणि बोटांच्या मागच्या बाजूने पत्रा चाचपायला लागले. समोर विजेचा खांब होता आणि त्याची सावळी उभी रेघ गाडीच्या अंगात उमटलेली होती. अप्पा एकेक पाऊल सरकत होते आणि ती रेघही त्यांच्याबरोबर बॉनेटवरून पुढच्या दारावर, पुढच्या दारावरून मागच्या दारावर सरकत होती.

डाव्या बाजूच्या मागच्या दारापाशी ते थांबले. एक पाऊल मागे गेले, पुन्हा पुढे आले. हात फिरवला, पुन्हा फिरवला. दार उघडून खाली वाकले आणि बिजागरीचे बोल्ट बघितले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, पँट झटकली, आणि म्हणाले, ‘चांगली आहे. घे.’

मास्तरला हायसं वाटलं. रेडिओने कागद आणायला आत धाव घेतली. थोरली मात्र जागची हलली नाही. एकेचाळीस वर्षांत तिने अप्पांच्या तोंडून ‘चांगली आहे’च्या पुढे ‘पण’ आला नाही असं एकदाही ऐकलं नव्हतं. शिवाय माणसं दुखत नाही म्हणतात तेव्हा त्यांचा खांदा काय करतो, हे बघायचा तिचा धंदाच होता. अप्पांचा उजवा खांदा कानाजवळ गेला होता.

पाणी प्यायच्या निमित्ताने तिने त्यांना भिंतीजवळच्या बाकावर नेलं.

‘त्या दाराला काय झालंय?’

‘कुठल्या?’

‘अप्पा, तुम्ही तिथे दोनदा हात फिरवलात.’

अप्पांनी पाण्याचा घोट घेतला. मग मान न वळवता, बस कधी येईल हे सांगावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं की दार परत रंगवलेलं आहे. नुसतं वरवर नाही, खाली पुट्टी भरलेली आहे, वीतभर लांबीची. बहुतेक ट्रेलरवरून उतरवताना लागलं असणार. खांबाची रेघ पुढच्या दारात सरळ उभी राहते आणि मागच्यात किंचित थरथरते. बिजागरीच्या बोल्टला पाना लागलेला आहे, म्हणजे दार काढून काम केलंय. पण ज्याने केलंय त्याचा हात चांगला आहे. शंभरात एकालाही कळणार नाही.

‘आणि तुम्ही मला घे म्हणालात.’

‘वाईट काम नाहीये ते. पंधरा वर्षं काही होणार नाही.’

‘म्हणून घे म्हणालात?’

अप्पांनी रेडिओ गेला होता त्या दाराकडे बघितलं. ‘त्याच्या मॅनेजरसमोर त्याच्याच बापाने त्याची गाडी खोटी पाडली तर तो तोंड कुठे दाखवेल,’ ते म्हणाले. ‘आधीच माझ्यामुळे त्याला कमीपणा वाटतो.’

थोरलीला एकदम राग आला, पण तो नेमका कोणावर ते कळेना. तिचे पेशंट त्याच दारातून चढणार-उतरणार होते, हे एक. दुसरं म्हणजे तीन वर्षं या दोघांचे निरोप वाहून ती दमली होती, आणि त्यातला कुठलाही निरोप या वाक्याइतका कामाचा नव्हता.

एवढ्यात आत्या आली. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, पण ती मागच्या सीटवर बसून शिवण बघत असताना तिचं कोपर दाराच्या आतल्या पॅडवर टेकलं होतं आणि पॅड हललं होतं. ‘दादा, ते पॅड कोणीतरी काढून परत बसवलंय,’ ती म्हणाली. ‘खालची क्लिप नीट बसलेली नाही. तुला दिसलं नाही असं मला सांगू नकोस.’

मग त्या बाकापाशी बाजू फटाफट बदलल्या. दोन महिने अप्पांच्या विरुद्ध असलेला मास्तर त्यांच्या बाजूला जाऊन बसला. दार रंगवल्याने गाडीच्या चालण्यात काहीच फरक पडत नाही, त्याने समजावलं. इंजिन तेच, ब्रेक तेच, आणि आता नकार दिला तर पुन्हा किती दिवस स्कूटर. शिवाय मेव्हण्याची नोकरी. आत्या म्हणाली, कापड फाटलं तर रफू करता येतो, पण रफू केलेलं कापड नवं म्हणून विकलं तर त्याला काय म्हणायचं ते तिला ठाऊक आहे आणि ते ती इथे बोलणार नाही. अप्पा मास्तरच्या शेजारी अवघडून बसले होते. मास्तरशी आपलं एकमत झालंय, ही गोष्ट त्यांना स्वतःलाच फारशी पटलेली दिसत नव्हती.

थोरली बाकावरून उठली. ती आत गेली आणि रेडिओला हाताला धरून अंगणात घेऊन आली.

त्याने दार बघितलं. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. त्याला काही दिसलं नाही, आणि तसं तो बोललाही. हाच रंग त्याने या वर्षात चाळीस लोकांना विकला होता आणि प्रत्येकाला त्याची खोली, त्याची चमक, त्याचे थर यांवर पाच मिनिटं ऐकवलं होतं. थोरलीने त्याला खांबाची रेघ दाखवली. पुढच्या दारात, मग मागच्या दारात. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला.

‘तुला माहीत होतं?’ तिने विचारलं.

‘नाही.’

‘नक्की?’

‘ताई, शपथेवर नाही.’ त्याने पुन्हा दाराकडे बघितलं. ‘यार्डातून गाडी चार दिवस उशिरा आली. एरवी मागवली की त्याच दिवशी येते. मी का म्हणून विचारलं नाही.’

‘का नाही विचारलंस?’

‘विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं,’ रेडिओ म्हणाला.

अंगणात कोणीतरी नळ सोडला होता. पाणी वाहत त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांपर्यंत आलं, तरी तो सरकला नाही. त्याने बाकाकडे बघितलं. अप्पा दुसरीकडे बघत होते.

‘यांना कळलं होतं?’

‘पहिल्यांदा हात फिरवला तेव्हाच,’ थोरली म्हणाली. ‘मला घे म्हणाले. तू तोंडघशी पडशील म्हणून.’

हा निरोप तिला कोणी द्यायला सांगितलेला नव्हता. पण आता इतके दिल्यावर एक स्वतःच्या मनाने दिला तर बिघडत नाही असं तिला वाटलं.

रेडिओ वळला आणि आत गेला. ती मागोमाग गेली, आत्या गेली, आणि फाइल सांभाळत मास्तरही गेला. अप्पा दारापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो आधी म्हणाला की असं होणं शक्यच नाही. मग म्हणाला की कारखान्यातच कधीकधी रंगात उन्नीस-बीस होतं. रेडिओने वर्कशॉपमधून रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागवलं. पुढच्या दारावर यंत्राने एकशे बारा दाखवलं, बॉनेटवर एकशे आठ, आणि मागच्या डाव्या दाराच्या मध्यावर सातशेच्या पुढे. तेव्हा मॅनेजरने कोटाचं बटण काढलं आणि आवाज खाली आणला. वाहतुकीत थोडंफार लागतं, सगळीकडेच असं करतात, यात गाडीला धोका काही नाही. तो गाडीत पायाखाली घालायच्या मॅट फुकट देईल, वरचं कोटिंग फुकट करून देईल, दोन सर्व्हिसिंग त्याच्याकडून. मास्तरने नकळत फाइल उघडली. आत्याने ती मिटली.

‘आम्ही ही गाडी घेत नाही,’ रेडिओ म्हणाला.

मॅनेजरने त्याच्याकडे नीट बघितलं. ‘आम्ही म्हणजे कोण?’

‘ही माझी बहीण. पेशंटना घेऊन फिरणार आहे. आणि दार ज्यांनी ओळखलं ते माझे वडील. अडतीस वर्षं गाड्यांना रंग मारलाय त्यांनी. तुमच्या यंत्राआधी त्यांच्या बोटांना कळलं.’

रेडिओच्या बाबतीत हे फारच आटोपशीर भाषण होतं. थोरलीने दाराकडे बघितलं तर अप्पा तिथे नव्हते. ते बाहेर जाऊन फाटकापाशी उभे होते, रस्त्याकडे तोंड करून, आणि आत्या जवळ गेली तेव्हा चष्मा पुसत होते. ऊन फार आहे, असं ते तिला म्हणाले.

याचा निकाल दोन भागांत लागला. तीन आठवड्यांत त्याच रंगाची दुसरी गाडी मिळेल असं मॅनेजरने लिहून दिलं. आणि सोमवारी त्याने रेडिओला विक्रीच्या मजल्यावरून काढून यार्डात टाकलं, ट्रेलरवरून गाड्या उतरतात तिथे. तुला दोष इतके दिसतात तर तिथेच बघत जा, असं त्याने सांगितलं. आता दिवसभर उन्हात उभं राहायचं, उतरलेली प्रत्येक गाडी तपासायची आणि कागदावर सही करायची. बोलायला तिथे गाड्या सोडून कोणी नव्हतं.

आठवडाभर त्याने घरातल्या कोणाचा फोन उचलला नाही. मास्तरचं म्हणणं होतं की अप्पांनी हात फिरवलाच नसता तर सगळे सुखात असते. आत्याने त्याच्याशी अबोला धरला. थोरली स्कूटरवरूनच पेशंटकडे जात राहिली, घडीचा पलंग मागे बांधून, आणि मनातल्या मनात भावाशी भांडत राहिली, की मी तुला एवढं करायला सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती अप्पांच्या गुडघ्याचा व्यायाम करून घेत असताना रेडिओ आला. ऊन लागून त्याचं नाक सोललं होतं. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि थोरलीकडे बघून म्हणाला, ‘त्यांना विचार, यंत्र न लावता…’

थोरलीने अप्पांचा पाय खाली ठेवला. ‘मी कोणाला काही विचारणार नाही,’ ती म्हणाली. ‘माझे दोन्ही हात कामात आहेत.’ आणि पाय पुन्हा उचलला.

खोलीत नुसते आकडे ऐकू येत होते. सहा, सात, आठ. दहा झाल्यावर रेडिओने घसा साफ केला.

‘अप्पा, यंत्र एकच आहे आणि दिवसाला बारा गाड्या उतरतात. नुसत्या हाताने कसं कळतं?’

अप्पा छताकडे बघत म्हणाले, ‘मला कळणारच. असे दरवाजे मी केलेत.’

‘कसले?’

‘नव्या गाड्यांचे. शोरूमवाले आणून द्यायचे. ट्रेलरवर लागलेल्या, यार्डात ठोकलेल्या. मी करून द्यायचो, ते विकायचे. किती केले ते मोजलं नाही. घेणाऱ्याला सांगितलं का, हे मी कधी विचारलं नाही.’ त्यांनी मान वळवून पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. ‘तू तेव्हा बोललास ते खोटं नव्हतं.’

‘मी ते बोलायला नको होतं.’

‘खोटं नव्हतं, एवढंच म्हणतोय मी.’

थोरलीने उगाचच दुसऱ्या गुडघ्याला सुरुवात केली, जो ठणठणीत होता. थोड्या वेळाने अप्पा म्हणाले की दुपारी काही कळत नाही, सकाळी सातला ऊन तिरकं असतं तेव्हा बघायचं. त्या यार्डाला फाटक कुठल्या बाजूला आहे, असं त्यांनी विचारलं. रेडिओने सांगितलं. ‘मग गाड्या उत्तरेला तोंड करून लावायला सांग,’ अप्पा म्हणाले.

थोरलीची गाडी ठरल्यापेक्षा चार दिवस आधीच आली. मंगळवारी सकाळी सात वाजता ती यार्डात पोचली तेव्हा ते दोघं आधीपासूनच तिथे होते. अप्पांनी रेडिओचा हात मनगटाला धरून पालथा केला होता आणि तो बॉनेटवरून फिरवत होते. डोळे मीट, ते सांगत होते. दाबू नकोस. गाडी आपलं आपण सांगते, तू नुसता हात ठेव.

त्यांनी चारही दारं बघितली, डिकी बघितली. आत्याने पाठवलेल्या सूचनेप्रमाणे रेडिओने प्रत्येक पॅड कोपराने दाबून बघितलं. बटणं फिरवली, पट्टे ओढले, काचा खालीवर केल्या. पेट्रोलच्या झाकणापाशी मात्र त्यांचं अडलं. वरची फट खालच्या फटीपेक्षा केसभर जास्त आहे असं रेडिओचं म्हणणं पडलं. तेवढं कारखान्यात चालतं, असं अप्पा म्हणाले. रेडिओ म्हणाला, तुम्हीच तर सांगितलंत की फट दोन्हीकडे सारखी पाहिजे. अप्पा म्हणाले, मी बॉनेटबद्दल सांगितलं, ऐकताना लक्ष कुठे असतं तुझं. मग झाकण उघडून, मिटून, वाकून, नखाने मापून दोघांचा असा काही वाद जुंपला की ट्रेलरवरचा ड्रायव्हर खाली उतरून ऐकायला आला.

थोरलीने घड्याळ बघितलं. नऊ वाजता तिला एका निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंकडे पोचायचं होतं, ज्यांना खुबा बदलल्यानंतर आज पहिल्यांदा घराबाहेर न्यायचं ठरलं होतं. तिने कागदावर सही केली, घडीचा पलंग डिकीत ठेवला. काठ खाली होता, पलंग एका हाताने आत गेला. किल्ली घेऊन ती सीटवर बसली आणि काच खाली करून म्हणाली की मी निघते.

‘थांब जरा,’ अप्पा म्हणाले, पण ते तिला नव्हतं. ते रेडिओला म्हणत होते. शेजारी नुकतीच एक पांढरी गाडी उतरली होती आणि रेडिओ तिच्या बॉनेटवर सरळ तळहात ठेवायला निघाला होता.

थोरलीने गाडी हळूच बाहेर काढली. फाटकातून वळताना तिने आरशात बघितलं. कोणा परक्याच्या त्या पांढऱ्या गाडीपाशी दोघंही वाकून उभे होते, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि दोघंही एकाच वेळी बोलत होते. आपण गेलो हे त्यांच्या लक्षात यायला अजून बराच वेळ लागेल, असा अंदाज करून ती रस्त्याला लागली.